गच्चीवरची खारी माती

वसतिगृहाच्या गच्चीवर जाणाऱ्या जिन्याला एकसष्ट पायऱ्या होत्या. बातमी लिहिली तेव्हा मला हे ठाऊक नव्हतं, कारण त्यातली एकही पायरी मी चढलो नव्हतो. माझ्यापुरती या प्रकरणाची सुरुवात तिथून होते, म्हणून ते आधी नोंदवतो.

नव्वदच्या दशकातली पहिली वर्षं होती. जळगावात एका दैनिकाच्या जिल्हा कार्यालयात मी बातमीदार होतो. धुळ्याकडे जाणाऱ्या महामार्गालगत, एका उजाड टेकाडावर, विद्यापीठाचं एक आवार उभं राहत होतं. झाडं गुडघ्याएवढी होती आणि इमारती नव्या कोऱ्या. तिथल्या मुलांच्या तीन मजली वसतिगृहाच्या गच्चीवर सूर्याच्या उष्णतेवर आंघोळीचं पाणी तापवणारा संच बसवण्यात आला. काळे पत्रे, वर काच, आत तांब्याच्या नळ्या, शेजारी टाकी. त्या भागात असं काही तोवर कुणी पाहिलं नव्हतं. पॅनेल हा शब्द रुळायच्या आधी मुलं त्यांना आरसेच म्हणत.

उद्घाटन मे महिन्यात झालं. पाहुण्यांना गच्चीवर नेणं उन्हामुळे शक्य नव्हतं, म्हणून तळमजल्यावरच्या एका नळाला फुलांची माळ घातली होती. पाहुण्यांनी नळाखाली हात धरला आणि चटका बसून मागे घेतला. टाळ्या पडल्या. त्या दिवशी जळगावातल्या कुठल्याही घरात, गच्चीवरच्या साध्या टाकीतून येणाऱ्या नळाखालीही हात धरवत नव्हता. हे तिथल्या प्रत्येकाला माहीत होतं, मलाही होतं. मी ते लिहिलं नाही. बांधकाम विभागाच्या अभियंत्यांनी भाषणात सांगितलेलं एक वाक्य मात्र चौकटीत टाकलं. ते म्हणाले होते, "धुळ्याहून येणाऱ्या प्रत्येक गाडीतून हा प्रकल्प दिसेल, अशीच आम्ही त्याची रचना केली आहे." त्या वाक्यात सगळं होतं. मी ते टाळ्यांचं वाक्य म्हणून ऐकलं.

वसतिगृहावर एक पहारेकरी होता. पन्नाशीचा, मुक्ताईनगर तालुक्यातल्या एका खेड्यातला. मुलं त्याला नाना म्हणत. पहारा, पंप चालू-बंद करणं, टाक्या धुणं, तुंबलेलं न्हाणीघर मोकळं करणं, ही सगळी कामं त्याच्याकडे होती. पहिल्या इमारतीचा पाया खणला गेला तेव्हापासून तो तिथे रोजंदारीवर होता. ठरावीक महिन्यांनी त्याला एक दिवस कामावर यायला मनाई असे आणि दुसऱ्या दिवशी नव्याने घेतलं जाई, म्हणजे कागदावर सलग नोकरी दिसत नसे. त्या एका दिवशीही तो यायचा, फक्त हजेरी लागायची नाही. पंप दुसऱ्या कुणाला चालवता येत नव्हता.

त्या वर्षी जुन्या रोजंदारी माणसांना कायम करायचं ठरलं होतं. यादी तयार होत होती आणि नानाचं नाव तिच्यात वरच होतं. हजेरीपटावरचं नाव सेवापुस्तकात जाणार, एवढीच त्याची अपेक्षा होती. तसं तो मुलांना सांगायचा, आणि मुलं त्याला "काय नाना, साहेब झाला का?" म्हणून चिडवायची. तो म्हणायचा, "होऊ द्या. पयले तुमचीच हजेरी घेतो."

जूनच्या शेवटी पाऊस लागला आणि तिसऱ्या मजल्यावरच्या खोल्या गळू लागल्या. पॅनेलचे लोखंडी पाय गच्चीच्या स्लॅबला भोकं पाडून बोल्टांनी आवळले होते. भोकं नीट बुजवलेली नव्हती. पाणी बोल्टाच्या कडेने उतरायचं आणि थेट खाटांवर पडायचं. मुलांनी अर्ज दिले. अर्ज बांधकाम विभागाकडे गेले, तिथून ठेकेदाराकडे पत्र गेलं, ठेकेदाराचं उत्तर आलं की संच बसवणं हे त्याचं काम, स्लॅब नव्हे. पत्रव्यवहार चालू असताना मुलं खाटा ओढून खोलीच्या एका भिंतीला लावून झोपत होती.

नाना ज्या गावचा होता तिथे घरं धाब्याची. म्हणजे छप्पर सपाट, लाकडावर मातीचा थर दिलेलं. दर वर्षी पावसाआधी अशा धाब्यावर खारी पसरतात. ही पांढरट, चिकट माती असते, पाण्याने फुगत नाही आणि फाटत नाही. पसरायची, पाणी शिंपडायचं, धोपटायचं. ज्याच्या घरावर खारी पडली नाही त्याचं घर गळतं. नानाने हे लहानपणापासून केलेलं. एका रविवारी तो गावी गेला आणि दोन पोती खारी भरून एसटीने घेऊन आला. कंडक्टरशी झालेलं बोलणं त्याने मला नंतर सांगितलं.

"पोत्यात काय हाये?"

"माती."

"जळगावले माती नेतो? तिथं संपली का?"

"तिथली काळी हाये. ती फुगते अन् फाटते. ही धरून ठेवते."

"मंग तिकीट लागन."

"मातीले?"

"माती बसली म्हनून काय झालं? जागा तं घेतली."

सिमेंटच्या गच्चीवर खारी टाकावी हे फक्त आमच्याकडच्याच माणसाला सुचेल. पॅनेलच्या प्रत्येक पायाभोवती त्याने ओटा घालावा तसा मातीचा गोल उंचवटा केला, धोपटला, वरून हाताने गुळगुळीत केला. गळती थांबली. पूर्ण थांबली. सगळा पावसाळा त्या खोल्या कोरड्या राहिल्या आणि खाटा जागेवर गेल्या. विद्यापीठाने ते काम केलं असं समजून एका मुलाने बांधकाम विभागाला आभाराचं पत्रही लिहिलं. ते पत्र विभागाने फाइलला लावून ठेवलं. माती कुणी टाकली, असं तेव्हा कुणी विचारलं नाही.

दिवाळीनंतर थंडी पडली. खानदेशात उन्हाळ्याचीच चर्चा होते, पण पौषातल्या पहाटे तिथल्या टेकाडावर हात आखडत. संचाचं पाणी कोमट होईना. काही दिवस मुलांनी धीर धरला, मग बादल्या घेऊन प्रशासकीय इमारतीसमोर बसली. घोषणा फारशा नव्हत्या. रिकाम्या बादल्यांवर चमचे वाजवत होती, आणि त्याचा आवाज कुठल्याही घोषणेपेक्षा जास्त होत होता.

दुसऱ्या दिवशी चौकशी समिती नेमली गेली. समितीत अभियंता स्वतः होते. म्हणजे ज्याने संच बसवून घेतला, तोच संच का चालत नाही हे ठरवणार होता. समिती गच्चीवर गेली आणि तिला लगेच कारण सापडलं. पॅनेलच्या पायांशी पांढरी माती होती. पावसाळा सरल्यावर ती कोरडी पडली होती आणि तिची धूळ काचांवर बसली होती. हे खरं होतं. नाना रोज सकाळी ओल्या फडक्याने काचा पुसायचा, पण दुपारपर्यंत पुन्हा पातळ थर यायचाच.

अभियंत्यांनी मला फोन करून बोलावलं. त्यांच्या खोलीत चहा आला. त्यांनी सांगितलं की एका रोजंदारी माणसाने परवानगी न घेता गच्चीवर मातीचे ढीग टाकले, धूळ काचांवर बसली, माती नळ्यांमध्येही शिरली असावी, आणि लाखमोलाचा प्रकल्प ठप्प झाला. मी विचारलं, माती का टाकली? ते म्हणाले, "अडाणीपणा. दुसरं काय?" मी ते लिहून घेतलं. नळ्या काचेच्या आत, बंद पेटीत असतात. त्यांत बाहेरची माती कशी शिरेल, हे मी विचारलं नाही. गच्ची दाखवता का, हेही विचारलं नाही. मला दुपारच्या आत आणखी एक बातमी करायची होती.

मातीची बातमी तिसऱ्या पानावर आली. मथळा होता, 'मातीमुळे सौर प्रकल्प ठप्प'. त्याच्या खाली लहान अक्षरांत, 'रोजंदारी कामगाराचा प्रताप'. प्रताप हा शब्द माझा होता.

बातमीनंतर तीन दिवसांनी नानाला कामावरून थांबवलं. त्याला दिलेल्या कागदाला पुरावा म्हणून माझ्या बातमीचं कात्रण जोडलं होतं. समितीने बातमीदाराला सांगायचं, बातमीदाराने छापायचं, आणि समितीने ते छापलेलं पुरावा म्हणून लावायचं. या वर्तुळात एकाही माणसाने नानाला काही विचारलं नव्हतं. माती फावड्याने खरवडून काढली गेली आणि गच्चीवरून खाली टाकण्यात आली.

नाना आमच्या कार्यालयात आला तेव्हा सकाळचे अकरा वाजले असतील. धोतर, वर खाकी सदरा; सदरा विद्यापीठाचा होता, त्याच्या खिशावरचा बिल्ला काढून घेतल्याच्या दोन भोकांवरून ते कळत होतं. त्याने कात्रण टेबलावर ठेवलं.

"भाऊ, हे तुम्हीच लिह्यलं का?"

मी हो म्हणालो.

"तुम्ही वर चढले होते का?"

मी कात्रण जवळ ओढलं.

"नही, मी आपलं इचारतो. मी दिवसभर तिथंच राहतो. तुमाले पाह्यलं नही वर, म्हनून इचारलं."

टेलिप्रिंटरजवळ बसलेल्या सहकाऱ्याने मान खाली घातली. मी म्हणालो, "नाना, चुकलं. खुलासा छापतो."

"खुलासा मंग छापा. पयले वर चला. नही तं पुन्हा चुकन."

आम्ही बसने गेलो. पहाऱ्यावर नवा माणूस होता, त्याने नानाला अडवलं नाही. अडवायचं कसं, हे त्याला ठरवता येत नसावं, कारण पंप कसा चालू करायचा हे तो दोन दिवसांपूर्वी नानालाच विचारायला गेला होता. जिना चढताना मी पायऱ्या मोजल्या.

वर भर दुपारचं ऊन होतं, जानेवारीतलं, दक्षिणेकडे झुकलेलं. गच्चीच्या दक्षिणेकडच्या कठड्याशी मेसमधली स्वयंपाकीण जुन्या धोतरावर मुगाच्या वड्या घालत होती. ती शिंदखेडा तालुक्यातली, नरडाण्याकडची. सगळे तिला अक्का म्हणत. तिने आमच्याकडे पाहिलं आणि वड्या घालणं चालू ठेवलं.

पॅनेलची तोंडं उत्तरेला होती. महामार्ग उत्तरेला होता. धुळ्याहून येणाऱ्या गाडीतून काचा दिसाव्यात म्हणून ती नुसती उत्तरेला वळवलेली नव्हती, तर चांगली उभी केलेली होती. दुपारी बाराला ऊन काचेवरून कसंबसं घसरत जात होतं. अर्ध्या तासाने काचा सावलीत गेल्या. मी एका काचेवर तळहात ठेवला. ती थंड होती. मग दक्षिणेच्या कठड्यावर ठेवला. तो तापला होता. धूळ असती काय आणि नसती काय, त्या काचांना हिवाळ्यात ऊन मिळणारच नव्हतं. मे महिन्यात सूर्य डोक्यावर असतो, तेव्हा कुठल्याही बाजूला तोंड केलं तरी पाणी तापतं. उद्घाटन मे महिन्यात झालं होतं.

"हे तुम्हाला आधी ठाऊक होतं?" मी नानाला विचारलं.

"तोंड उलटं हाये, हे मी बसोताना सांगतलं व्हतं. साहेब म्हने, तू पंप पाह्य."

अक्काने तिच्या अहिराणीत मध्येच तोंड घातलं. "भाऊ, मी तेरा वरीसथीन वड्या वाळाडस. हिवाळामा ऊन कोणती बाजूथीन येस, हाई मना पोरगीले बी ठाऊक शे. बठ्ठा आरसा सडककडे तोंड करीसन बठेल शेतस. आते तुम्हना साहेबले सांगा, सूर्यले पत्र धाडा म्हणा, यानापुढे इकडथीन ये."

नाना हसला नाही. तो पॅनेलच्या एका पायाशी बसला होता. माती खरवडताना फावडं स्लॅबलाही लागलं होतं आणि बोल्टाभोवतीचं सिमेंट उडालं होतं. त्याने त्या खड्ड्यात बोट घालून पाहिलं. "पावसात आता पह्यल्यापेक्षा जास्त गळन," तो म्हणाला.

त्या संध्याकाळी मी सविस्तर बातमी लिहिली. पॅनेलची दिशा, बोल्टांची भोकं, गळती, खारी, ठेकेदाराचं उत्तर, नानाने आधी दिलेली सूचना, आणि माझी आधीची बातमी गच्ची न पाहता लिहिली गेली होती, हेही. मुख्य कार्यालयातल्या उपसंपादकांनी फोन केला. म्हणाले, विद्यापीठाचं म्हणणं घ्या, त्याशिवाय छापता येणार नाही. आधीच्या बातमीत नानाचं म्हणणं घेतलं नव्हतं, तेव्हा ही अट आठवली नव्हती. मी तसं म्हणालो. ते म्हणाले, "तो विद्यापीठ नाही ना."

विद्यापीठाने म्हणणं द्यायला वेळ मागितला. ठेकेदाराचा माणूस येऊन संच तपासेल, मग सांगू. फेब्रुवारी गेला. माती काढून दोन महिने झाले होते आणि पाणी थंडच होतं. कारण विचारलं की उत्तर मिळे, नळ्यांतली माती निघायला वेळ लागतो. मार्चमध्ये थंडी संपली, मुलांचं आंदोलनही संपलं. ठेकेदाराचा माणूस मे महिन्यात आला. वसतिगृह सुट्टीमुळे रिकामं होतं. त्याने नळ सोडला. पाण्याचा चटका बसला. समितीने अहवाल दिला: माती हटवल्यानंतर संच पूर्ण क्षमतेने चालू असल्याचे प्रत्यक्ष चाचणीत आढळले. सबब, बिघाडाचे कारण माती हेच होते.

मी आयुष्यात बरेच सरकारी अहवाल वाचले. उघड खोटे बरेच होते. पण या अहवालात शेवटचं वाक्य सोडून सगळं शब्दशः खरं होतं. माती हटवली होती, चाचणी झाली होती, पाणी तापलं होतं. फक्त चाचणीचा महिना निवडलेला होता. या एका निवडीने एका माणसाची नोकरी कायमची गेली, आणि त्यासाठी चाचणीत कुणालाही खोटं बोलावं लागलं नाही.

दैनिकाने विद्यापीठाचं म्हणणं छापलं. माझ्या बातमीतल्या तीन ओळी त्याच्या शेवटी जोडल्या गेल्या, त्यांत पॅनेलच्या दिशेचा उल्लेख नव्हता. उपसंपादक म्हणाले, तो तांत्रिक भाग आहे, वाचकांना कळणार नाही. अक्काला कळला होता.

जूनमध्ये कायम झालेल्या माणसांची यादी लागली. नानाचं नाव नव्हतं. ज्यांची नावं होती त्यांतले काही नानाच्या नंतर लागलेले होते.

जुलैत पाऊस आला आणि खोल्या गळू लागल्या, नानाने सांगितलं होतं तशा, आधीपेक्षा जास्त. बांधकाम विभागाने डांबर ओतून पाहिलं. उन्हाच्या पहिल्या उघडीपीत ते मऊ झालं आणि बोल्टापासून सुटलं.

ऑगस्टमध्ये मुक्ताईनगरकडे केळीच्या बागांत वादळाने झालेल्या नुकसानीची बातमी करायला गेलो होतो. काम झाल्यावर नानाच्या गावात गेलो. तो शेजाऱ्याच्या आडव्या झालेल्या केळी कापायला मदत करत होता. विळा खाली ठेवून बांधावर आला.

"विद्यापीठाची जीप आली व्हती," तो म्हणाला.

"कशाला?"

"साहेबानं धाडली. म्हने, दोन पोती माती घेऊन ये, पह्यलेसारखी टाकून दे. खोल्या लई गळून राह्यल्या."

"मग?"

"म्हटलं, येतो. पन कागद द्या. गच्चीवर खारी टाका, असा. साहेबाच्या सहीचा. मांगच्या खेपेले माती माझी व्हती. या खेपेले साहेबाची होऊ द्या."

"काय म्हणाला ड्रायव्हर?"

"म्हने, नाना, मातीसाठी कोनी कागद देतं का? म्या म्हटलं, मले काढाले निंघाला व्हता ना मातीचा कागद. त्याच टायपिंगवर करा."

त्याने विळा उचलला. मी विचारलं, कागद आला तर जाल का?

"जाईन. पोरं वल्ल्यात झोपता तिथं." विळ्याची धार पाहत म्हणाला, "पन कागद आला पाह्यजे."

कागद आला नाही. मी पुढच्या दोन पावसाळ्यांत तीनदा चौकशी केली. खारी टाका असं लिहून दिलं असतं, तर आधीची खारीही बरोबर होती हे लिहून दिल्यासारखं झालं असतं, आणि मग नानाला काढलं कशासाठी हा प्रश्न उभा राहिला असता. मुलांच्या खाटा भिंतीला लागल्या त्या लागल्याच.

नंतर माझी बदली धुळ्याला झाली. आठवड्यातून एकदा जळगावला बसने यावं लागे. हिवाळ्यात बस टेकाडाजवळ आली की वसतिगृह दिसायचं. रस्त्यावरून पॅनेल खरोखर छान दिसत, एका ओळीत, गाडीकडे तोंड करून. त्यांच्या खाली तिसऱ्या मजल्याच्या भिंतीवर ओलीचे काळे डाग खिडक्यांपर्यंत उतरलेले होते. एकदा शेजारी बसलेल्या पारोळ्याच्या प्रवाशाने आपल्या बायकोला बोट करून ते दाखवलं.

"ते पाहा, सोलर. मागे पेपरात आलं होतं."

ती म्हणाली, "चांगलं आहे."

त्याला सांगायला माझ्याकडे पुरेसा वेळ होता, जळगाव अजून दहा मिनिटांवर होतं. मी सांगायला सुरुवात केली.